रडू आलं म्हणून विश्वास उणा ठरत नाही

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नवे आहात, तेव्हा 'ख्रिस्ती माणसानं सदा आनंदी असावं' हे वारंवार कानावर पडेल. ते अर्धंच आहे. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेपाशी येशू रडला (योहान ११:३५), आणि तेही त्याला मरणातून उठवायच्या जरा आधी.

दुःखात प्रार्थना सुचेना तर बायबलमधलं स्तोत्र १३ उघडा. सहाच वचनं. पहिल्या दोनांत 'कधीपर्यंत?' हा प्रश्न चार वेळा येतो; मोठ्यानं वाचा आणि तिथंच आपली तक्रार नाव घेऊन मांडा. पुढं दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. बहुतेक जण थेट शेवटाकडे उडी मारतात, मग गाणं घशात अडकतं. आठवडाभर पहिल्या दोनांवरच थांबलात तरी चालेल. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं!

दुसऱ्याकडे दुःखाला जाताना सोलापूरच्या भर उन्हात नको, दिवस कलल्यावर जा. कडक भाकरी नेऊ नका. शोकात कोरडा घास उतरत नाही. मऊ, ताज्या भाकरी आणि पातळ आमटी न्या. वीस मिनिटं बसा. 'देवाची इच्छा' एवढं मात्र म्हणू नका. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र त्याच्यापाशी सात दिवस गप्प होते तोवर ठीक होतं, तोंड उघडलं आणि बिघडलं. पंधरा दिवसांनी पुन्हा जा, तोवर पाहुणे पांगलेले असतात.