मॅग्नेटिक कार्ट्रिज लावल्यावर आवाज पातळ? आधी अ‍ॅम्प्लिफायर उघडू नका

‘रेकॉर्ड प्लेअरचं सिरॅमिक काढून मॅग्नेटिक कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) बसवलं, अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये (साध्या इनपुटमध्ये) जोडलं, तर आवाज डबीतून आल्यासारखा’ हे तुमचं वाचलं आणि हसूच आलं. अगदी हेच मी करून बसलोय. वायरी, अर्थिंग वगैरे तुम्ही पाहिलं असेलच.

सिरॅमिकमध्ये सुई एका स्फटिकासारख्या तुकड्याला वाकवते, त्या ताणातूनच वीज निघते, तीही काहीशे मिलिव्होल्ट. म्हणून पेटीतल्या साध्या रेकॉर्ड प्लेअरचं तेवढ्यावर भागायचं. मॅग्नेटिकमध्ये सुईच्या दांडीच्या मागच्या टोकाला इवलंसं चुंबक असतं. खाचेच्या नागमोडीबरोबर ते कॉइलजवळ थरथरतं, वीज मिळते जेमतेम 3 ते 5 मिलिव्होल्ट. ऑक्सला त्यानं काय होणार?

माझ्या दुरुस्तीवाल्याने (नाव नको, दुकान अजून चालू आहे) आधी अ‍ॅम्प्लिफायरचे कपॅसिटर बदलले, मग माइकचा प्रीअ‍ॅम्प (बारीक सिग्नल मोठा करणारी डबी) जोडून दिला. आवाज मोठा झाला, पण डग्गा गायब आणि झांजा कानात टोचतायत. ‘जुन्या रेकॉर्डी अशाच असतात हो,’ म्हणाला. मी विश्वास ठेवला आणि नाट्यसंगीताच्या तेरा एलपी रद्दीच्या भावात दिल्या. दुरुस्तीच्या पैशांचं काही नाही, त्या तेरा आजही सलतात.

रेकॉर्ड कापतानाच खर्ज दाबलेला आणि वरचे स्वर चढवलेले असतात, नाहीतर खाचा रुंद होऊन एका बाजूला गाणी मावणार नाहीत. वाजवताना हे उलटं करावं लागतं: 1 किलोहर्ट्झच्या तुलनेत 20 हर्ट्झला साधारण 20 डेसिबल वाढ, 20 किलोहर्ट्झला तितकीच घट. हाच तो 1954 पासूनचा आरआयएए, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांनी ठरवलेलं प्रमाण. सिरॅमिक कार्ट्रिज सुई किती सरकली ते मोजतं, म्हणून त्याचं आपोआप बरंच जुळतं. मॅग्नेटिक किती वेगाने सरकली ते मोजतं. माइकच्या प्रीअ‍ॅम्पला यातलं काही ठाऊक नसतं.

तेव्हा 47 किलोओहम इनपुटचा साधा फोनो प्रीअ‍ॅम्प (हे उलटं करणारा, रेकॉर्डसाठीचाच) घ्या. मूव्हिंग कॉइलच्या (चुंबकाऐवजी कॉइल हलणाऱ्या कार्ट्रिजच्या) नादी आत्ता लागू नका. त्याचा सिग्नल आणखी दहापट कमी, खर्च मात्र उलट्या दिशेने. हे माझं मत, मी बँकेतला माणूस, इंजिनिअर नव्हे. तुमचा जुना आर्म (कार्ट्रिज धरणारा हात) सुईवर 2 ग्रॅमच भार देईल इतका हलका होतो का, तेही बघा. सिरॅमिकचे आर्म बहुधा जड असतात, खाच खरवडली जाईल.

आणि हो, लाखेच्या 78 च्या (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या) तबकड्या असतील तर त्यांना सुई वेगळी, जाड लागते. त्या स्पिरिटने पुसू नका, लाख विरघळते.