बाणेरचा फ्लॅट, रेडिंगचं घर आणि मॉर्गेजचा हिशेब

नमस्कार,

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. मेमध्ये इंग्लंडमधल्या रेडिंगला आल्यावर लगेच मॉर्गेज म्हणजे गृहकर्ज काढून घर घ्यावं की आधी भाड्याने राहावं, घेतलं तर दोन वर्षांचा फिक्स (तेवढ्या काळापुरता बांधलेला व्याजदर) बरा की पाच वर्षांचा, आणि व्याजदर अजून किती उतरतील. शिवाय जाता जाता एक ओळ लिहिलीत, की बाणेरचा फ्लॅट नवराबायको दोघांच्या नावावर आहे, आज सव्वा कोटीला जाईल, थोडं कर्ज बाकी आहे आणि तो भाड्याने देऊन ठेवायचा विचार आहे. माझ्या मते तुमचा सगळा हिशेब त्या ओळीवर अवलंबून आहे, म्हणून आधी तेच घेते.

इंग्लंडमध्ये (स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे) पहिलं घर घेणाऱ्याला स्टॅम्प ड्युटीत सवलत मिळते. ३ लाख पाउंडांपर्यंत काहीच नाही आणि ३ ते ५ लाखांमधल्या रकमेवर ५ टक्के. पण जगात कुठेही, कधीही घर नावावर नव्हतं अशांनाच ही सवलत आहे. त्यामुळे तुम्ही दोघंही त्यातून बाद, आणि फ्लॅट विकलात तरी बादच. लाइफटाइम आयसा नावाचं बचत खातं आहे, त्यात सरकार पहिल्या घरासाठी २५ टक्के बोनस घालतं. तिथेही हीच अट, त्यामुळे कुणी सुचवलं तर त्या नादी लागू नका.

रेडिंगच्या आसपास तीन खोल्यांचं साधं घर ४ लाख पाउंडांना धरू. नेहमीच्या दराने त्यावर १० हजार पाउंड ड्युटी होते. घर घेताना बाणेरचा फ्लॅट तुमच्या नावावर असेल तर मात्र दुसऱ्या घराचा अधिभार लागतो. तो पूर्ण किमतीवर ५ टक्के असतो, ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात ३ वरून ५ केला. ४० हजार पाउंडांखालची मालमत्ता यात धरत नाहीत, पण सव्वा कोटी म्हणजे लाखभर पाउंड झाले, एकेकाचा निम्मा हिस्साही ४० हजारांच्या वर जातो. म्हणजे आणखी २० हजार, एकूण ३० हजार. त्यात खरेदीच्या आधीच्या वर्षभरात तुम्ही इथे १८३ दिवस राहिला नसाल तर अनिवासी म्हणून वर २ टक्के, म्हणजे आणखी ८ हजार. मागून १८३ दिवस भरले की हे ८ हजार परत मागता येतात, पण आधी खिशातून काढावे लागतातच.

फ्लॅट एकाच्या नावावर करून इथलं घर दुसऱ्याच्या नावावर घेऊ, ही युक्ती प्रत्येकाला सुचते. चालत नाही. एकत्र राहणारे नवराबायको या अधिभारासाठी एकच धरले जातात.

आता हे २० हजार व्याजाशेजारी ठेवून बघा. डिपॉझिट म्हणून स्वतःचे ६० हजार घातलेत तर उरलेल्या ३ लाख ४० हजारांच्या कर्जावर पाव टक्का व्याज म्हणजे वर्षाला साडेआठशे पाउंड. तुम्ही ज्या पाव टक्क्याची इतकी चौकशी करताय, तो तेवीस-चोवीस वर्षं वाचवलात तर हा अधिभार भरून निघेल. आणि ड्युटी रोख भरायची असते, ती तुमच्या डिपॉझिटच्याच पैशातून जाते. इथे व्याजदर ठरतो तो कर्जाचं घराच्या किमतीशी प्रमाण किती यावर, आणि त्याच्या पायऱ्या असतात: ९५, ९०, ८५, ८०, ७५, ६० टक्के. ४ लाखांच्या घरात २० हजार म्हणजे बरोबर एक पायरी. अधिभार भरलात की ८५ वरून ९० वर जाल आणि व्याजही थोडं महाग पडेल. बाणेरचं भाडं तुमच्या डोळ्यांसमोर असेल, पण सव्वा कोटीच्या फ्लॅटचं वर्षाचं भाडं, त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि आयकर वजा करून, या २० हजारांशी ताडून बघा.

विकायचाच असेल तर दोन वाटा आहेत. मेमध्ये नोकरीसाठी निघालात की त्या आर्थिक वर्षात आयकराच्या दृष्टीने तुम्ही अनिवासी ठरता. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराच्या नफ्यावर इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईनुसार वाढवून धरून) २० टक्के की त्याशिवाय १२.५ टक्के, यातला स्वस्त पर्याय निवडायची मुभा रहिवाशालाच असते. शिवाय अनिवासी विक्रेत्याचा टीडीएस बराच जास्त कापला जातो आणि त्यासाठी खरेदीदाराला वेगळे सोपस्कार करावे लागतात, म्हणून कित्येक खरेदीदार असं घर घ्यायलाच बिचकतात. तेव्हा ३१ मार्चच्या आत व्यवहार होत असेल तर उत्तम. नाहीच झाला तर दुसरी वाट अशी, की इथे अधिभार भरून घर घ्या आणि बाणेर नंतर विका. निघेपर्यंत तुम्ही त्याच फ्लॅटमध्ये राहत होता, म्हणून इथलं घर घेतल्यापासून तीन वर्षांत तो विकलात तर अधिभार परत मागता येतो. पण त्यासाठी इथली खरेदी बाणेर सोडल्यापासून तीन वर्षांच्या आत झालेली हवी. मी हे ढोबळ सांगतेय. पुण्यातल्या सीएला आणि इथल्या सॉलिसिटरला (वकिलाला) तारखांसकट विचारा. एक मात्र नक्की: घर विकून घर घेतल्याची भारतातली करसवलत भारतातल्याच घराला मिळते, रेडिंगच्या नाही.

लगेच घ्यावं का? नको. १८३ दिवसांचं कारण वर आलंच. शिवाय भारतातला सिबिल स्कोअर ८०० असला तरी इथल्या एक्सपेरियन, इक्विफॅक्स, ट्रान्सयुनियन या पतनोंद ठेवणाऱ्या कंपन्यांच्या लेखी तुम्ही काल जन्मलात. सहा-आठ महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, इथलं बँक खातं, एखादं क्रेडिट कार्ड दरमहा पूर्ण फेडलेलं, एवढं झालं की चित्र बदलतं. आल्या आल्या मतदार यादीत नाव घाला. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले म्हणून इथे रीतसर मत देऊ शकतात, आणि बँका पत्त्याची खातरजमा त्याच यादीवरून करतात. बरेच जण हे वर्षानुवर्षं करत नाहीत आणि मग अर्ज अडला की ब्रोकरच्या नावाने बोटं मोडतात.

स्किल्ड वर्कर व्हिसावर कर्ज मिळतं, पण प्रत्येक बँकेचं गणित निराळं. कुणी १० टक्के डिपॉझिटवर देतं, कुणी २५ मागतं, कुणाला व्हिसाची ठरावीक मुदत शिल्लक हवी असते, कुणाला आधी कायमचा वास्तव्य परवाना हवा असतो. म्हणून परदेशी नागरिकांची कामं करणारा, सगळ्या बँकांचा माल दाखवणारा ब्रोकर घ्या. घर विकणारा एस्टेट एजंट ‘आमचाच ब्रोकर’ म्हणून गळ्यात मारतो, त्याला नम्रपणे नाही म्हणा. कर्ज साधारण उत्पन्नाच्या साडेचार पटीपर्यंत मिळतं, पण आधी खर्च वजा होतात: पाळणाघराची फी, गाडीचा हप्ता आणि बाणेरच्या कर्जाचा ईएमआयसुद्धा. तो लपवू नका, खात्यातून दरमहा जाणारी रक्कम त्यांना दिसते.

आता व्याजाकडे येऊ. पुण्यात तुमचं कर्ज बहुधा रेपोशी जोडलेलं आहे, म्हणजे रिझर्व्ह बँकेने दर हलवला की काही महिन्यांत तुमचा ईएमआय किंवा मुदत हलते, आणि फ्लोटिंग कर्ज मधेच फेडलं तर दंड नाही. इथली रीत उलटी. कर्ज तीस वर्षांचं असतं, पण दर फक्त दोन, तीन किंवा पाच वर्षांपुरता बांधलेला. ती मुदत संपली की तुम्ही आपोआप बँकेच्या स्टँडर्ड व्हेरिएबल रेटवर जाता आणि तो बाजारातल्या दरापेक्षा दोन-तीन टक्के जास्त असू शकतो. म्हणून मुदत संपायच्या आत नवा सौदा करायचाच असतो, त्याच बँकेत किंवा दुसरीकडे रिमॉर्गेज करून. फिक्सच्या काळात वर्षाला शिल्लक कर्जाच्या साधारण १० टक्के जादा भरता येतात. त्यापुढे दंड, आणि पाच वर्षांच्या फिक्सवर तो पहिल्या वर्षी ५ टक्क्यांपर्यंत जातो. ३ लाख ४० हजारांवर ५ टक्के म्हणजे १७ हजार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दर किती उतरतील ते मागचा काळ पाहिल्याशिवाय कळत नाही. मार्च २०२० पासून डिसेंबर २०२१ पर्यंत बँक ऑफ इंग्लंडचा दर ०.१ टक्का होता. मग महागाई ऑक्टोबर २०२२ मध्ये ११.१ टक्क्यांवर गेली आणि बँकेने लागोपाठ चौदा वेळा दर वाढवत ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ वर नेला. मधेच २३ सप्टेंबर २०२२ ला लिझ ट्रस सरकारच्या अर्थमंत्र्यांनी, क्वासी क्वार्टेंग यांनी, पैशाची सोय न सांगता करकपातीचा मिनी बजेट मांडला. सरकारी रोख्यांचा बाजार कोसळला, बँकांनी शेकडो मॉर्गेज योजना रातोरात मागे घेतल्या आणि महिनाभरात दोन वर्षांच्या फिक्सची सरासरी ६ टक्क्यांवर गेली. ज्यांनी २०२१ मध्ये दीड टक्क्याने कर्ज घेतलं होतं, त्यांचा तीस वर्षं मुदतीच्या ३ लाख ४० हजारांवरचा हप्ता ११७५ पाउंडांच्या आसपास होता. २०२३ मध्ये नवा सौदा करताना तो दोन हजारांच्या घरात गेला. इथल्या लोकांना आजही व्याजदराचं नाव काढलं की तेच आठवतं.

ऑगस्ट २०२४ पासून कपात सुरू झाली आणि डिसेंबर २०२५ मध्ये दर ३.७५ वर आला. पण ही उतरण सुखासुखी झालेली नाही. दर ठरवणाऱ्या समितीत नऊ जण असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांच्यात एवढे मतभेद झाले की समितीच्या इतिहासात पहिल्यांदा दोनदा मतदान घ्यावं लागलं, आणि डिसेंबरची कपातही ५ विरुद्ध ४ मतांनीच झाली. महागाईचं लक्ष्य २ टक्के आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ती ३.८ होती. म्हणून ०.१ चे दिवस परत येतील अशी आशा धरू नका. अजून थोडी उतरण होईल असं मला वाटतं, पण फार नाही.

एक गोष्ट आपल्याकडून येणाऱ्यांच्या पटकन लक्षात येत नाही. फिक्स दर बँक ऑफ इंग्लंडच्या आजच्या दरावर ठरत नाही, तर पुढच्या दोन-पाच वर्षांत तो कुठे असेल या बाजाराच्या अंदाजावर, म्हणजे स्वॅप रेटवर ठरतो. अपेक्षित कपात त्यात आधीच धरलेली असते. म्हणून गुरुवारी दुपारी बारा वाजता कपात जाहीर होते आणि तुमच्या बँकेचा फिक्स जागचा हलत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पुढच्या महिन्यापर्यंत थांबा’ सांगणारे भविष्यवेत्ते भरपूर भेटतील, त्यांना हे विचारून बघा.

तेव्हा दोन की पाच? दराच्या अंदाजावर हे ठरवू नका, तुमच्या व्हिसावर ठरवा. कायमच्या वास्तव्याची अट पाच वर्षांवरून दहावर न्यायचा प्रस्ताव सरकारने २०२५ मध्ये मांडलाय. नोकरी गेली आणि ठरलेल्या मुदतीत नवा प्रायोजक (व्हिसाची जबाबदारी घेणारी कंपनी) मिळाला नाही तर परतावं लागू शकतं, आणि तेव्हा घर विकताना तो १७ हजारांचा दंड समोर उभा राहतो. मॉर्गेज नव्या घरावर नेता येतं, असं बँका सांगतात. पुण्यातल्या घरावर नाही नेता येत. तुमच्या जागी मी असते तर पहिला फिक्स दोन वर्षांचा घेतला असता. साडेचार टक्क्यांचं कर्ज दोन वर्षांनी साडेपाचवर गेलं तर हप्ता १७२५ वरून १९३० च्या आसपास जाईल. हा दोनशे पाउंडांचा फरक पोटाला चिमटा न काढता पेलता येत असेल तर दोन वर्षंच. बायकोची नोकरी अजून नक्की नसेल आणि तुमच्या एकट्याच्या पगारावर महिना जेमतेम भागत असेल, तर पाच वर्षांची निश्चिंती विकत घ्या. पण मग मला विचाराल तर घरच थोडं लहान घ्या. बेस रेटच्या (बँक ऑफ इंग्लंडच्या दराच्या) वर ठरावीक टक्के असा ट्रॅकरही मिळतो, काहींना दंड नसतो. मनाने भारतात परतायचा विचार अर्धाअधिक असेल तर तोही बघा.

जाहिरातीतल्या सर्वांत कमी दरामागे बहुधा ९९९ पाउंडांची फी असते. ३ लाख ४० हजारांवर ०.२ टक्का स्वस्त म्हणजे दोन वर्षांत १३६० वाचले, फी वसूल झाली. कर्ज दीड लाखाचं असतं तर नसती झाली. मंजुरी साधारण सहा महिने टिकते. त्या काळात दर उतरले तर ब्रोकरला त्याच बँकेकडून स्वस्त दर बदलून घ्यायला लावा, बहुतेकदा मिळतो.

रेडिंग स्टेशनजवळचे नदीकाठचे फ्लॅट फोटोत छान दिसतात. पण ते लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या पट्ट्यावर) असतात, सर्व्हिस चार्ज दरवर्षी वाढतो, आणि लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या २०१७ च्या आगीनंतर बाहेरच्या आवरणाचे कागद नसतील तर बँक कर्ज अडवू शकते. लीजची ऐंशीपेक्षा कमी वर्षं उरली असतील तर बघायलाही जाऊ नका. रेडिंगलगतच्या लोअर अर्ली किंवा वुडलीला फ्रीहोल्ड (जमिनीसकट मालकीचं) घर शोधा, स्टेशन थोडं लांब पडलं तरी चालेल.

शेवटी पैसे आणण्याचं. निघण्यापूर्वी पाठवलेत तर एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि १० लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस (पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर) कापला जातो. तो परताव्यात मिळतो, पण तोवर अडकून पडतो. अनिवासी झाल्यावर एनआरओ खात्यातून (अनिवासींच्या भारतातल्या रुपया खात्यातून) पाठवलेत तर टीसीएस नाही, वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात, फक्त सीएचं प्रमाणपत्र लागतं. कुठूनही आणा, इथला सॉलिसिटर प्रत्येक मोठ्या रकमेचा माग विचारणार: विक्रीचा करारनामा, बँकेची पानं, आणि आईवडिलांनी काही दिलं असेल तर ते परत मागणार नाही असं त्यांचं सहीचं पत्र. फ्लॅट विकलात तर इंडेक्स टूची (दस्तनोंदणीच्या उताऱ्याची) प्रत, कर्ज फेडल्याचा दाखला आणि खरेदीदाराच्या चेकची नोंद दिसणारं स्टेटमेंट येताना सोबतच घेऊन या. इथून बँकेच्या बाणेर शाखेला फोन करून ही कागदपत्रं मिळवणं जमण्यासारखं नाही.