वकिली करत असताना नगरसेवक होता येतं का? प्रॅक्टिस सोडावी लागते का?

सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, परत करावी लागत नाही. बार कौन्सिलची मनाई आहे ती पूर्णवेळ पगारी नोकरीला. नगरसेवकाला मानधन मिळतं, पगार नाही. आमदार-खासदारांनी वकिली करू नये अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये फेटाळली, तीही ते पूर्णवेळ पगारी नोकर नाहीत याच मुद्द्यावर.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि एका महापालिकेत पाच वर्षं नगरसेविका होते. म्हणून सांगते, सनदेची काळजी करू नका, पण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 चं कलम 11 नीट वाचा. ज्या विषयात तुम्ही पक्षकारातर्फे वकील आहात, त्यावर सभागृहात मत दिलंत, चर्चेत भाग घेतलात, नुसता प्रश्न विचारलात तरी पद जाऊ शकतं. सलग तीन महिने सभांना गैरहजर राहिलात तरी तेच. सभा नेमक्या कोर्टाच्या तारखांच्याच दिवशी येतात, हे लक्षात असू द्या.

निवडून आले तेव्हा पालिकेविरुद्धची चार प्रकरणं माझ्याकडे होती. सीनियर म्हणाले, "सगळी सोड." मी पक्षकारांना बोलावून दुसरा वकील नेमण्यासाठी एनओसी, म्हणजे ना-हरकत, दिली. त्यातल्या एका भाजीवाल्या मावशींचा गाळा जाणार होता. त्या म्हणाल्या, "ताई, तुम्ही निवडून आलात म्हणून मला वाटलं आता माझं काम होईल." त्यांना समजावताना मला फार जड गेलं. पण वकीलपत्र ठेवलं असतं तर त्यांच्या गाळ्याबद्दल सभागृहात मला तोंड उघडता आलं नसतं.

आता वकिलाचा उपयोग कुठे होतो ते सांगते. एका भूखंडाच्या भाडेपट्ट्याचा प्रस्ताव होता. गोषवाऱ्यात चौथ्या पानावर वाक्य होतं, "मुदत संपल्यावर नूतनीकरण करण्यात येईल." रात्री वाचताना त्यावर पेन्सिलीने खूण केली. दुसऱ्या दिवशी विषय भराभर "मंजूर, मंजूर" होत होते. मी उभी राहिले, उपसूचना दिली की "करण्यात येईल" ऐवजी "करता येईल" करा. दोन-तीन सदस्य वैतागले. नगरसचिवांनी मात्र लगेच मान डोलावली. पहिल्या शब्दांनी पालिका बांधली जाते, दुसऱ्यांनी निर्णय पालिकेच्या हातात राहतो. उपसूचनेसह ठराव झाला. पाच वर्षांतलं हे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं, त्याचा फलक कुठेही लागला नाही तरी.

ही वाट नवी नाही. मुंबई महापालिकेचा 1888 चा कायदा घडवण्यात बॅरिस्टर फिरोजशहा मेहतांचा मोठा वाटा होता, त्यांचा पुतळा आजही पालिकेच्या इमारतीसमोर आहे. वल्लभभाई पटेल 1917 मध्ये अहमदाबाद नगरपालिकेत निवडून आले तेव्हा ते तिथे नावाजलेले बॅरिस्टर होते.

पैशाचं स्पष्ट सांगते, मानधनावर घर चालत नाही आणि प्रॅक्टिस निम्म्यावर येते. सकाळी सात वाजता दारात पाणी न आलेली माणसं असतात, त्यांना "कोर्टात जायचंय" म्हणता येत नाही. रोजच्या तारखा सांभाळणारा विश्वासू ज्युनियर आधी तयार करा, मग उमेदवारीचा अर्ज भरा.