छापखाना नव्हता तेव्हा पॅरिस आणि इटलीतल्या बोलोन्याच्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना पुस्तकं कशी मिळत?

पुस्तकाच्या पानांच्या सुट्या जुड्या भाड्याने आणून त्या नकलून घेत, नाहीतर जुनी प्रत विकत घेत. तेराव्या शतकात रुळलेल्या या पद्धतीचं नाव 'पेचिया', म्हणजे तुकडा. विद्यापीठाने तपासलेली मूळ प्रत 'स्टेशनारियस' हा ग्रंथविक्रेता न बांधता ठेवी (आपली 'स्टेशनरी' याच घराण्यातली). एक जुडी साधारण ४ पानांची, म्हणजे ८ पृष्ठांची. बोलोन्यात मापही ठरलेलं: जुडीत १६ रकाने, रकान्यात ६२ ओळी, ओळीत ३२ अक्षरं. भाडं विद्यापीठ ठरवी. पॅरिसचं १३०४ चं दरपत्रक अजून टिकून आहे. फायदा असा, की एकाच ग्रंथाच्या वेगवेगळ्या जुड्या घेऊन अनेक जण एकाच वेळी नकला करू शकत. घोळ व्हायचा तो पुढची जुडी दुसऱ्याने नेलेली असली की. मग लेखनिक अंदाजाने जागा सोडून त्यापुढची जुडी उतरवी. जागा कमी पडली तर अक्षरं दाटीवाटीने कोंबलेली, जास्त उरली तर कोरा पट्टा. समासात जुडीचा क्रमांक टिपलेल्या अशा प्रती आजही पाहायला मिळतात. मात्र ही पद्धत सगळीकडे नव्हती. नंतरच्या जर्मन विद्यापीठांत वर्गात सावकाश सांगून मजकूर उतरवून देण्याचीच चाल जास्त.