नाशिकला कॉलेजच्या स्टुडिओत अर्ध्या तासाचा टॉक शो करायचाय, तीन कॅमेरे आहेत, टीममध्ये कोण कोण लागेल?

आधी रनडाऊन करा, माणसं नंतर. म्हणजे कुठल्या मिनिटाला काय, कोण बोलणार, व्हिडिओ कधी सुटणार, सगळं एका शीटवर. चॅनेलवर तासाला १२ मिनिटं जाहिराती धरतात म्हणून अर्ध्या तासात तुमच्या हातात साधारण २४च मिनिटं असतात, तेवढंच लिहा.

पीसीआरमध्ये (प्रोडक्शन कंट्रोल रूम, जिथून शो चालवतात) डायरेक्टर, स्विचरवर, म्हणजे कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र जाणार ते बदलायच्या मशीनवर, एकजण (व्हिजन मिक्सर), ऑडिओला एक आणि नावाच्या पट्ट्या टाकायला ग्राफिक्सवाला. प्रोड्यूसर पाहुणे, वेळ, पैसा बघतो. डायरेक्टरनेच स्विचिंग केलं तरी चालतं, पण ऑडिओवाल्याला दुसरं काम देऊ नका हं. समजा निफाडचे द्राक्ष बागायतदार काका बोलवलेत, कॉलर माईक उपरण्याखाली गेला की नुसता खसखस आवाज येतो, हे हेडफोन लावून बसलेल्यालाच कळणार.

फ्लोअरवर तीन कॅमेरामन आणि फ्लोअर मॅनेजर. माझ्या मते सगळ्यात शांत डोक्याचा पोरगा किंवा पोरगी इथे ठेवा, कारण टॉकबॅकवर (कंट्रोल रूममधून हेडफोनवर बोलायची लाईन) डायरेक्टर ओरडत असतो आणि याला मात्र हसऱ्या चेहऱ्याने अँकरला बोटं दाखवायची असतात, दोन मिनिटं राहिली, एक राहिलं, आवरा. अँकर वाचून बोलणार असेल तर प्रॉम्प्टरला (कॅमेऱ्यापुढे मजकूर दाखवणारा स्क्रीन) अजून एकजण धरा. लाईट्स आदल्या दिवशीच लावून टाका.

रिहर्सल एकदा तरी पूर्ण, घड्याळ लावून. आणि काकांना वेळ सांगताना द्वारका सर्कलचं ट्रॅफिक धरून अर्धा तास आधीची सांगा.