ट्रॅक डेला एका दिवसात टायर आणि ब्रेक किती झिजतात?

तुम्ही विचारलंय की रोजचीच गाडी ट्रॅक डेला, म्हणजे रेसिंग ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायच्या दिवशी, नेली तर एका दिवसात टायर-ब्रेक संपतात का. संपूही शकतात, गाडी किती जड आणि तुम्ही ब्रेक किती उशिरा मारता त्यावर आहे सगळं. १२० वरून ६० वर येताना ब्रेकला जी उष्णता सोसावी लागते ती ६० वरून थांबण्याच्या तिप्पट असते, आणि ट्रॅकवर हे दर लॅपला, म्हणजे प्रत्येक फेरीत, होतं, मध्ये गार व्हायला वेळच नाही.

पण खरी काळजी ब्रेक पॅडपेक्षा (ब्रेक मारल्यावर घासणाऱ्या पट्ट्या) ब्रेक ऑइलची करा. ते हवेतली ओल शोषतं, नवीन डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही पण ओल शोषलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं, मग त्यात वाफ होते आणि पेडल स्पंजसारखं खाली जातं. माझं एकदा झालंय असं, वळण समोर आणि पाय सरळ खाली, दोन-तीनदा पंप केल्यावर कसाबसा ब्रेक लागला. तेव्हापासून जायच्या आधी ऑइल बदलतोच, आणि पॅड निम्म्याहून कमी असतील तर तेही.

टायरचं म्हणाल तर पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा आधी जातात. गरम झाल्यावर हवा वाढते, म्हणून सेशन संपलं की लगेच प्रेशर बघा, जास्त असेल तर थोडी सोडा आणि घरी निघताना परत भरा. शेवटचा लॅप हळू मारा आणि पार्क केल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा.