फीडर लावून महिना होऊन गेला, हमिंगबर्ड अजून का नाही?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत एडिसनला नवीन घर घेतलं, मार्चच्या सुरुवातीलाच डेकवर हमिंगबर्डसाठी फीडर (साखरपाण्याचं भांडं) टांगला, दुकानातलं तयार लाल नेक्टर भरलं, आणि आता एप्रिलची दहा तारीख आली तरी एकही हमिंगबर्ड फिरकला नाही, तर काय चुकतंय. आणि जाता जाता एक वाक्य टाकलंय की "बॅकयार्ड एकदम क्लीन आहे, डासांचा स्प्रे, लॉनची ट्रीटमेंट सगळं वेळच्या वेळी होतं." त्या वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय. कधी येतात एवढंच विचारलं असतंत तर एका ओळीत काम झालं असतं: अजून वेळ आहे, थांबा.

आपल्या सेंट्रल जर्सीत पहिला नर दिसतो तो साधारण एप्रिलच्या मध्यानंतर, मादी त्याच्या मागून आठवड्या-दोन आठवड्यांनी. इकडे पूर्वेला घरटं करणारी जात एकच, रुबी थ्रोटेड, म्हणजे माणकासारख्या लाल गळ्याची. हिवाळा काढतात दक्षिण मेक्सिको नाहीतर सेंट्रल अमेरिकेत, आणि त्यातले बरेच जण मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात, ८०० किलोमीटर, खाली पाणीच पाणी, बसायला जागा नाही. एरवी ३ ग्रॅमचा जीव, निघायच्या आधी खाऊन खाऊन वजन जवळपास दुप्पट करतो आणि पलीकडे पोचेपर्यंत ते सगळं जाळतो. तुम्ही मार्चच्या सुरुवातीला फीडर लावलात तेव्हा ह्यातले पहिले जेमतेम टेक्सास-लुइझियानाच्या किनाऱ्याला लागत होते. जर्नी नॉर्थच्या साइटवर लोक आपापला पहिला पक्षी नोंदवतात, तो नकाशा उघडून ठेवा, ठिपके वर सरकताना दिसतात, व्हर्जिनिया-मेरीलँडला गर्दी झाली की आपला नंबर जवळ आला. आमच्या घरी नियम सोपा आहे, टॅक्स फाइल करायच्या, म्हणजे १५ एप्रिलच्या, आत फीडर बाहेर. एक्स्टेंशन घेणाऱ्यांनी सुद्धा.

ते लाल पाणी मात्र आजच सिंकमध्ये ओता. एक कप साधी पांढरी साखर, चार कप पाणी, बास. फीडरवरचा लाल रंग त्याला पुरतो, पाणी लाल करायची काही गरज नाही. मध नको, तो आंबतो आणि त्यावर बुरशी धरते. गूळ किंवा ब्राऊन शुगर नको, त्यात लोह असतं आणि ते ह्यांना झेपत नाही. आमच्या ओळखीत एकाने लाल आहे म्हणून रूह अफजा घालू का विचारलं होतं, त्यांना मी हात जोडले. आत्ता थंडी आहे तर चार-पाच दिवसांनी बदललं तरी चालेल, जुलैच्या उकाड्यात दोन दिवसांच्या वर ठेवू नका, आणि फीडर गच्च भरू नका, सुरुवातीला एकदोन गिऱ्हाईकं असतात, बाकीचं फुकट जातं.

आता साडूंची गोष्ट.

आमचे साडू प्लेन्सबरोला असतात, आम्ही हिल्सबरोला, सोरलँडच्या बाजूला, मागे झाडी आहे. माणूस चांगला, अडीनडीला धावून येणारा, पण हौस अशी की कुठलीही गोष्ट करायची तर दुसऱ्यापेक्षा मोठी. मी एक साधा प्लास्टिकचा फीडर लावला तर ह्यांनी हाताने फुंकलेल्या काचेचे तीन आणले. आमच्याकडे दर वर्षी पक्षी येतो आणि त्यांच्याकडे मेचा शेवट आला तरी एखादा कधीतरी, हे त्यांना काही पचत नव्हतं.

एका एप्रिलमध्ये मी सकाळी चहा घेऊन मागच्या दाराशी उभा होतो, फॉर्सिथियाची पिवळी फुलं गळत आलेली, झाडांना धड पानंसुद्धा नव्हती, आणि फीडरच्या समोर नर आला, चार घोट घेतले आणि गेला. मी फॅमिली ग्रुपवर टाकलं, "पहिला पाहुणा आला." दोन मिनिटांत साडूंचं उत्तर, "फोटो?" फोटो कुठला असणार, हातात चहा होता. त्यावर ते लिहितात, "भुंगा असेल. एप्रिलमध्ये डेकजवळ भुंगेच असतात." खाली लोकांचे हसायचे इमोजी, त्यात माझ्या सख्ख्या बायकोचा पण एक.

आता हे खरं आहे की एप्रिलमध्ये कार्पेंटर बी निघतात, डेकच्या लाकडाला भोकं पाडतात आणि तोंडासमोर येऊन हवेत थांबतात, नवीन माणूस फसू शकतो. क्लिअरविंग म्हणून एक पतंग पण असतो, तो हमिंगबर्डसारखाच फुलासमोर तरंगतो, लोक त्याचे व्हिडिओ "हमिंगबर्डचं पिल्लू" म्हणून फिरवतात, पण तो निघतो मे-जूनकडे आणि मुळात ह्यांचं पिल्लू घरट्याबाहेर पडतं तेव्हाच जवळपास आईएवढं झालेलं असतं. भुंगा फीडरच्या भोकात चोच घालून मागे सरकत नाही हो! त्याला चोचच नसते. पण ग्रुपवर कोण ऐकतंय.

पुढच्या रविवारी सगळे आमच्याकडे मिसळीला. साडू कॅमेरा, मोठी लेन्स, ट्रायपॉड घेऊन आले, डेकवर मांडून बसले, ऊन होतं म्हणून डोक्याला लाल टोपी. बराच वेळ काही नाही. मग ह्यांनी लेन्सचं झाकण शोधायला मान खाली घातली आणि कुठूनतरी घुंईंई करत नर आला तो फीडर सोडून थेट ह्यांच्या टोपीसमोर. लाल काही दिसलं की ते बघून जातात, फूल आहे का ते. साडू "भुंगा, भुंगा" ओरडत खुर्चीसकट मागे. पोरं हसून लोळली. पक्षी शांतपणे टोपीला एक प्रदक्षिणा घालून फीडरवर गेला, प्यायला, उन्हाकडे वळला तेव्हा गळा पेटल्यासारखा लाल दिसला आणि सगळ्यांनी बघितला. (हा लाल रंग प्रकाश एका कोनातून पडला तरच दिसतो, एरवी गळा काळा वाटतो, त्यामुळे "आमच्याकडे काळ्या गळ्याचा आला" असं वाटलं तर तो हाच.)

वाटलं आता तरी कबूल करतील. तर साडू खुर्ची सरळ करत म्हणतात काय, "पक्षी दक्षिणेकडून येतात ना? प्लेन्सबरो तुमच्या दक्षिणेला आहे. म्हणजे आधी आमच्यावरूनच आला असणार. पहिला आमचाच."

मी म्हटलं, मग तुमच्याकडे थांबला का नाही?

"तेच तर कळत नाही. तीन फीडर आहेत, पाणी रोज बदलतो, अजून काय पाहिजे त्याला?"

त्याला किडे पाहिजेत. हे मी त्यांना तेव्हा सांगायला लागलो आणि बायकोने डोळे वटारले म्हणून अर्ध्यावर सोडलं, ते आज तुम्हाला पूर्ण सांगतो.

लोकांची समजूत अशी की हा पक्षी साखरेच्या पाण्यावर जगतो. साखर म्हणजे नुसतं पेट्रोल, अंग त्याने बनत नाही. तो दिवसभर बारीक माश्या, चिलटं, छोटे कोळी टिपत असतो, कोळ्याच्या जाळ्यात अडकलेली चिलटं पण पळवतो. एप्रिलमध्ये फुलं फारशी नसतात तेव्हा तर सॅपसकर नावाचा सुतार पक्षी झाडाच्या सालीला ओळीने भोकं पाडून रस काढतो ना, तिथे जाऊन तो रस पितो आणि रसाला चिकटलेले किडे खातो. मादी पिल्लांना भरवते त्यात किडेच किडे. आणि घरटं, अर्ध्या अक्रोडाएवढं, ते ती एकटी बांधते आणि त्याला धरून ठेवतो कोळ्याचा धागा, म्हणून तर पिल्लं वाढली की घरटं ताणलं जातं, फाटत नाही. बाहेरून लायकेन (दगडफूल) चिकटवते. कोळीच नसेल तर ती घरटं बांधणार कशाने, तुमच्या लॉनच्या गवताने?

साडूंकडे दर तीन आठवड्यांनी एक माणूस पाठीवर ब्लोअर लावून येतो आणि झुडपांच्या पानांच्या खालून वरून धुकं मारून जातो. विचारलं तर म्हणतात, "अरे नॅचरल आहे ते, शेवंतीच्या फुलांपासून बनवतात." तो सेल्समन सांगतो तेच. शेवंतीच्या जातीच्या एका फुलात पायरेथ्रिन असतं हे बरोबर, पण बहुतेक ठिकाणी मारतात ते पायरेथ्रॉइड, त्याची कारखान्यातली आवृत्ती, जास्त टिकणारी. आणि फुलातून आलं काय नि ड्रममधून आलं काय, किड्याला काय फरक पडतो, तो मरतोच. डास मेला त्यासोबत कोळी गेला, मधमाशी गेली, फुलपाखराची अळी गेली. फुलं असताना आणि मधमाश्या फिरत असताना मारू नका असं लेबलवरच असतं, वाचतं कोण. बरं, डास तरी जातात का? उडणारे जातात, पन्हाळीत नि कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात, पुढच्या आठवड्यात परत तेच. त्यापेक्षा साचलेलं पाणी ओता, जिथे ओतता येत नाही तिथे 'मॉस्किटो डंक' नावाच्या गोल वड्या टाका, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, बीटीआय नावाचा जिवाणू असतो त्यात, डासांच्या अळ्या मारतो, कोळ्याला आणि पक्ष्याला काही करत नाही. डॉलरचा हिशोब केला तर वर्षाच्या स्प्रेच्या पैशात तुमचं पूर्ण बॅकयार्ड फुलझाडांनी भरेल.

म्हणून म्हणतो, "एकदम क्लीन" ही कौतुकाची गोष्ट नाहीये. एक कोपरा गबाळा ठेवा. पानं पडू देत. वाळकी बारीक फांदी दिसली तर लगेच कात्री घेऊन धावू नका, नर फीडरपेक्षा जास्त वेळ तसल्याच उघड्या काडीच्या टोकावर बसून राखण करतो आणि पहिला पक्षी बघायचा असेल तर तिथे बघा. फीडरवर तो काही सेकंद असतो, तुम्ही वळेपर्यंत गेलेला असतो. बऱ्याच लोकांकडे पक्षी येऊन गेलेला असतो आणि ते "अजून आला नाही" म्हणत बसतात. अगदी पहाटे उजाडताना आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आधी बघा, रात्री तो अंगातली सगळी यंत्रणा मंद करून गार पडलेला असतो, सकाळी उठतो तो भुकेलेलाच. थंडीची रात्र असेल, पाणी गोठेल असं वाटलं तर फीडर रात्री आत घ्या, पण उठल्या उठल्या बाहेर टांगा, नऊ वाजता नाही.

झाडं लावायची तर इथलीच लावा. लाल-पिवळी कोलंबाइन, ती बरोबर एप्रिलच्या शेवटी-मेमध्ये फुलते. कोरल हनीसकल, इथली वेल, जपानी नको, ती पसरून सगळं खाते. उन्हाळ्यात बी बाम, ऑगस्टमध्ये कार्डिनल फ्लॉवर.

माझ्या आईला सांगलीला फोटो पाठवला तर ती म्हणाली, हा तर आपला शिंजीर, जास्वंदीवर येतो तो. दिसायला वाटतो खरा, पण नातं नाही, हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत, आणि त्याचं गोत्र पाकोळीशी जुळतं. आईला ते पटलेलं नाही. तिच्याशी मी वाद घालत नाही.

राहिलेल्या गोष्टी. एकच नर फीडरवर दादागिरी करायला लागला तर दुसरा फीडर घराच्या पलीकडच्या बाजूला लावा, त्याला दिसणार नाही असा. खिडकीपासून एकतर तीन फुटांच्या आत टांगा नाहीतर चांगला लांब, मधल्या अंतरावर वेग घेऊन काचेवर आपटतात. फीडर लावून ठेवला तर पक्षी आळशी होतो, हिवाळ्यात परत जातच नाही, असं कुणी सांगेल (साडू सांगतात), ते खोटं आहे, दिवस लहान व्हायला लागला की तो निघतोच. ऑगस्टपासून मोठे नर जायला लागतात, बाकीचे सप्टेंबरअखेरपर्यंत, शेवटचा दिसल्यावर अजून दोन आठवडे फीडर राहू दे, वरून येणाऱ्या कुणाला वाटेत लागतो.

हे सगळं जर्सीचं सांगितलं. ह्यूस्टनला कुणी वाचत असेल तर तुमचे मार्चमध्येच येऊन गेले असणार, आणि बे एरियावाल्यांचं गणितच वेगळं, तिकडे अ‍ॅनाज नावाची हमिंगबर्डची दुसरी जात वर्षभर असते. मी पक्षितज्ज्ञ नाही, आयटीतला माणूस आहे. घरात लहान बाळ असेल किंवा मागे टिक (गोचीड) फार असतील तर तुमची गरज वेगळी असू शकते, तेव्हा डॉक्टरांशी, टाउनशिपच्या हेल्थवाल्यांशी बोला, माझ्यावर जाऊ नका. आणि स्प्रे बंद केल्या केल्या पक्षी येईल अशी गॅरंटी पण नाही, शेजारच्या दोन्ही घरांत मारत असतील तर तुमच्या एकट्याने किती फरक पडणार. पण निदान तुमचे पैसे वाचतील.

साडू इथे येऊन वाचतात मला माहीत आहे. वाचा. तुमचं काँट्रॅक्ट मेमध्ये रिन्यू होतं ना?